प्रिंटर राऊटरच्या दावणीला

डोंगरकड्याला रस्त्यालगत एक छोटं कार्यालय आहे. चार टेबलं, चार संगणक, प्रिंटर एक. मागच्या लग्नसराईत त्या प्रिंटरच्या संगणकावर बसणारे भाऊ दोन दिवस वऱ्हाडात गेले. संगणकाला पासवर्ड होता, भाऊंचा फोन बँडच्या आवाजात होता, आणि कागद न्यायला आलेली माणसं पायरीवर बसून होती. शेवटी एकाने फाईल पेनड्राइव्हवर घेतली, झेरॉक्सच्या दुकानात गेला, प्रिंट घेऊन आला आणि सोबत व्हायरसही घेऊन आला.

मला बोलावणं आलं ते व्हायरस काढायला. तो अर्ध्या तासात निघाला. पण दुखणं वेगळंच होतं. प्रिंटर कार्यालयाच्या पैशातून आला होता, तरी तो कार्यालयाचा नव्हता. एका खुर्चीचा होता. ती खुर्ची रजेवर गेली की प्रिंटरही रजेवर.

नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या गावांतून हेच चित्र दिसतं. सोसायटी असो, शाळेचं ऑफिस असो, केळीच्या गाड्या भरणाऱ्या व्यापाऱ्याची गादी असो की खताचं दुकान, प्रिंटर कुणातरी एकाच्या संगणकाला यूएसबी वायरने बांधलेला असतो आणि बाकीचे त्याच्याकडे “दादा, तेवढी एक प्रिंट मारा ना” म्हणत येतात. खरं तर कार्यालयात एक वस्तू अशी असते जी कुणाच्याच मालकीची नसते, सकाळी सगळ्यांच्या आधी चालू होते आणि कधी रजा घेत नाही. ती म्हणजे भिंतीवरचा राऊटर. प्रिंटर त्याच्या दावणीला बांधता येतो. कसा बांधायचा, आणि कुठला प्रिंटर बांधून घेत नाही, हे या लेखात सांगतो.

आधी एक शंका. “आमचा प्रिंटर विंडोजमधून शेअर केलाय, तेवढं पुरतं की.” पुरायचं, २०२१ पर्यंत. त्या वर्षी विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं मोठं भगदाड सापडलं. ते आणि त्यासारखी आणखी काही बुजवायला मायक्रोसॉफ्टने लागोपाठ अपडेट सोडले, आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर देशोदेशीच्या कार्यालयांत शेअर केलेले प्रिंटर जोडले जाईनात. पडद्यावर शेवटी ‘११बी’ असलेला एक लांबलचक एरर यायचा. तुमच्याकडे तो आला असेल तर कुणीतरी येऊन एक तर अपडेट काढून टाकला असेल किंवा रजिस्ट्रीत एक आकडा शून्य केला असेल. दोन्ही उपाय म्हणजे दाराला कुलूप लागत नाही म्हणून कडीच काढून टाकण्यासारखे. राऊटरच्या मार्गात एका विंडोजला दुसऱ्या विंडोजच्या दारात जावंच लागत नाही, त्यामुळे हा तंटा मुळातच उरत नाही.

प्रिंट सर्व्हर हा शब्द मोठा वाटतो, काम साधं आहे. संगणक नेटवर्कवरून छपाईचा मजकूर पाठवतो, मधलं यंत्र तो घेतं आणि यूएसबी वायरने प्रिंटरच्या तोंडी घालतं. बास. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एचपीने ‘जेटडायरेक्ट’ नावाची कार्डं आणि डब्या विकायला काढल्या, त्या हेच करायच्या. त्या ज्या दारातून मजकूर घ्यायच्या त्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक ९१००. तो आज सगळ्यांचाच झालाय. कुठल्याही कंपनीचा नेटवर्क प्रिंटर घ्या, बहुतेक वेळा ९१०० वर उभा असतो. दुसरं जुनं दार ५१५ क्रमांकाचं, त्याच्या पद्धतीला एलपीआर म्हणतात. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

आता लोक जी चूक सगळ्यात आधी करतात ती. नांदेडला जाऊन यूएसबीचं छिद्र असलेला राऊटर घेऊन येतात, प्रिंटर खोचतात आणि मग मला फोन करतात. राऊटर घेण्याआधी प्रिंटर तपासायचा असतो. कारण प्रिंटर दोन जातींचे असतात. एक स्वतःचं डोकं असलेले: त्यांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी भाषा कळते, मजकूर मिळाला की पान ते स्वतः रचतात. दुसरे बिनडोक, म्हणजे शिवी म्हणून नव्हे, रचना म्हणून: पान रचायचं सगळं काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. त्यामुळे ते स्वस्त पडतात, आणि आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत तेच भरलेत.

उदाहरणं नावानिशी देतो, कारण यातला एक तरी तुमच्या टेबलावर असण्याची शक्यता मोठी. कॅननचा एलबीपी २९००. हा प्रिंटर मरत नाही, दहा-पंधरा वर्षं कार्ट्रिज भरून भरून चालतो, आणि म्हणूनच घराघरांत आहे. पण तो कॅननच्या ‘कॅप्ट’ नावाच्या स्वतःच्या बोलीत बोलतो आणि ड्रायव्हरला त्याच्याशी दोन्ही बाजूंनी सतत गप्पा माराव्या लागतात: कागद आहे का, झाकण लागलंय का, पुढचं पाठवू का. साधा प्रिंट सर्व्हर मजकूर एकाच दिशेने ढकलतो. म्हणून २९०० राऊटरला लावला की बऱ्याचदा नुसता दिवा लागतो आणि पान येत नाही. राऊटरला शिव्या घालू नका.

दुसरा एचपीचा लेझरजेट १०२०. याची तऱ्हा आणखी मजेशीर. याच्या पोटात स्वतःची आज्ञावलीच राहत नाही. बटण दाबून चालू केला की तो कोरी पाटी असतो, आणि संगणकातला ड्रायव्हर दर वेळी ती आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, त्याला भरवतो. मग तो कामाला लागतो. यूएसबी वायर संगणकात असली की हे गुपचूप होऊन जातं, आपल्याला कळतही नाही. वायर राऊटरमध्ये गेली की भरवणारं कुणी उरत नाही. पी १००७ आणि पी १००८ यांचंही असंच. यावर तोड आहे, ती पुढे सांगतो, पण ती थोडी खटपटीची.

याउलट एपसनचा एलएक्स ३१० किंवा टीव्हीएसचा एमएसपी २५० यांसारखे डॉट मॅट्रिक्स. कर्कश, संथ, जुनाट. राऊटरला मात्र यांच्याइतकं गुणी जनावर नाही; बांधलं की उभं राहतं. पावत्या आणि वजनाच्या चिठ्ठ्या काढणाऱ्यांनी निर्धास्त असावं. लेझरमध्ये ज्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट असं लिहिलंय तो चालेल. जिथे ‘होस्ट बेस्ड’, ‘जीडीआय’ किंवा ‘कॅप्ट’ लिहिलंय तिथे सावध. जीडीआय वाले सगळेच अडतात असं नाही, काही सरळ चालतात, पण पैसे टाकण्याआधी कुणाचा तरी राऊटर दोन तास उसना आणून पाहावं.

प्रिंटर पास झाला की राऊटर. यूएसबीचं छिद्र असणं पुरेसं नाही. फायबर जोडून देणाऱ्यांनी भिंतीवर ठोकलेली पांढरी डबी असते ना, तिच्या पाठीलाही पुष्कळदा यूएसबी असतं. ते साधारणपणे पेनड्राइव्हसाठी असतं. प्रिंटरची सोय त्यात नसते किंवा कंपनीने कुलूपबंद केलेली असते. डबीच्या सेटिंगच्या पानात ‘प्रिंट सर्व्हर’ किंवा ‘प्रिंटर’ असा शब्द सापडला तरच पुढे जा. नसेल तर वेगळा राऊटर लागेल, आणि त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला, ज्यात ही सोय कंपनीनेच दिलेली आहे आणि तो ९१०० किंवा ५१५ दाराने सरळ मजकूर घेतो. आसुसचे यूएसबीवाले राऊटर या प्रकारातले. आसुसच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रिंटरांची यादीही असते. ती आधी बघा. दुसरा प्रकार टीपी-लिंक आणि नेटगिअर यांच्या काही राऊटरांचा. यात प्रत्येक संगणकावर त्यांचं एक छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि ते सॉफ्टवेअर संगणकाला असं भासवतं की प्रिंटर त्याच्याच यूएसबीत खोचलाय. गंमत अशी की वर सांगितलेले नाठाळ प्रिंटर या सोंगाला भुलतात, त्यामुळे २९०० किंवा १०२० या मार्गाने चालण्याची आशा जास्त. काही राऊटरांवर ऑल-इन-वनचं स्कॅनिंगही होतं. तोटा हा की एका वेळी प्रिंटर एकाच संगणकाच्या ताब्यात. शिवाय त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढणं कंपनीने थांबवलं आणि विंडोज बदललं, की तुम्ही रस्त्यावर.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा, पण सगळ्यांना नाही सांगणार. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राऊटरसाठीची मोफत प्रणाली. ती राऊटरमध्ये भरली की कंपनीची मूळ प्रणाली जाते आणि राऊटर एक छोटा लिनक्स संगणक होतो. तुमचा राऊटर तिच्या यादीत आहे का ते आधी तपासायचं. जुन्या, ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी मेमरी असलेल्या राऊटरांचा नाद सोडायचा. ती भरल्यावर सॉफ्टवेअरच्या पानातून तीन गोष्टी घ्यायच्या: यूएसबी प्रिंटर ओळखणारं मोड्यूल, ‘पी९१०एनडी’ नावाचा प्रोग्राम, आणि त्याचं सेटिंगचं पान. पहिल्या प्रिंटरला ९१००, दुसरा लावला तर ९१०१. तिथे दोन्ही दिशांनी बोलण्याची एक चौकट असते. प्रिंटर शेवटच्या पानावर अडकत असेल किंवा काहीच उमटत नसेल, तर ती चौकट उलटसुलट करून बघा, बरेचदा तेवढ्यानेच निघतं. आणि १०२० ची तोड इथेच आहे: त्याची फर्मवेअरची फाईल राऊटरमध्ये ठेवून प्रिंटर चालू झाल्याबरोबर ती त्याला भरवणारी चार ओळींची आज्ञावली लिहिता येते. मी एकदा लावून दिली, छान चाललं. पण मी नसताना ती बिघडली तर तिथलं कुणी दुरुस्त करू शकत नव्हतं, म्हणजे पुन्हा प्रिंटर एका माणसाचाच झाला. आता मी ते टाळतो. आणखी एक: राऊटर हप्त्यावरचा किंवा इंटरनेटवाल्याच्या मालकीचा असेल तर त्यात दुसरी प्रणाली भरण्याच्या भानगडीत पडू नका.

आता सगळ्यात जास्त गाडी जिथे रुतते ती जागा. इंटरनेटवाल्याची डबी आधीच वायफाय देत असते. तुम्ही नवा राऊटर आणता आणि डबीतून येणारी वायर त्याच्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ छिद्रात घालता, कारण चित्रात तसंच दाखवलेलं असतं. इंटरनेट मस्त चालतं. पण आता कार्यालयात दोन वाडे झाले. काही संगणक डबीच्या वाड्यात, काही राऊटरच्या वाड्यात, मध्ये भिंत. राऊटरच्या वाड्यातल्यांना प्रिंटर दिसतो, डबीच्या वाड्यातल्यांना दिसत नाही, आणि तिसरा म्हणतो “काल माझ्याकडे चालत होता”, कारण त्याच्या लॅपटॉपने आज दुसरं वायफाय धरलंय.

ही भिंत पाडायची. नव्या राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, पण त्या मोडमध्येही छपाईची सोय चालू राहते ना ते बघून. तसा मोड नसेल तर हाताने: राऊटरला डबीच्याच वाड्यातला एक पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, आणि डबीतून आलेली वायर वॅनमध्ये न घालता साध्या लॅन छिद्रात घाला. डबीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि ती १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर राऊटरला १९२.१६८.१.२ द्या. (इथे आकडे देवनागरीत छापलेत, संगणकात इंग्रजीतच टाका. हसू नका, एका ठिकाणी तासभर याच्यात गेलाय.) हे करताना क्रम पाळा: आधी पत्ता बदला, नव्या पत्त्याने पुन्हा आत जा, मग डीएचसीपी बंद करा, शेवटी वायर हलवा.

यात एक फायदा दडलाय. प्रिंटरला आता स्वतःचा पत्ता नाही. राऊटरचा पत्ता तोच प्रिंटरचा. नेटवर्क प्रिंटर लाईट गेली की कधी कधी नवा पत्ता घेऊन उठतो आणि सगळे संगणक त्याला जुन्या घरी शोधत बसतात. राऊटरचा पत्ता तुम्ही ठरवून दिलेला असतो, तो हलत नाही. फक्त ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राऊटर स्वतःच डबीकडून पत्ता मागून घेतात. तिथे तो ‘स्टॅटिक’ करून टाका.

आता संगणकाकडची बाजू. प्रत्येक संगणकावर एकदा करायचं, पाच मिनिटांचं काम. आधी त्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर जाऊन नवा प्रिंटर जोडायला सांगा. विंडोज आपणहून शोधत बसेल आणि त्याला काही सापडणार नाही. खाली ‘ॲड मॅन्युअली’ दिसेल ते दाबा. त्यातला ‘टीसीपी/आयपी पत्ता किंवा होस्टनेम’ हा पर्याय घ्या. यंत्राचा प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’, पत्ता राऊटरचा. खाली ड्रायव्हर आपोआप निवडण्याची एक खूण असते, ती काढून टाका, नाहीतर विंडोज राऊटरला विचारत बसेल की तू कुठला प्रिंटर आणि राऊटर बिचारा काय सांगणार.

पुढच्या पानावर विंडोज म्हणेल की आणखी माहिती हवी. ‘कस्टम’ निवडा, शेजारचं ‘सेटिंग्ज’ दाबा. इथे ‘रॉ’ आणि ९१००. राऊटर एलपीआर पद्धतीचा असेल तर ‘एलपीआर’ निवडून रांगेचं नाव द्यावं लागतं. आसुसच्या माहितीत ते ‘एलपीआरसर्व्हर’ असं आहे, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. आणि याच खिडकीत अगदी खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहणार असेल तर ते हे असू द्या. ती खूण राहिली तर विंडोज मधूनमधून प्रिंटरची तब्येत विचारतं, राऊटरला ती भाषा येत नाही, उत्तर मिळत नाही, आणि विंडोज प्रिंटर ‘ऑफलाइन’ ठरवून मोकळं होतं. प्रिंटर चालू, राऊटर चालू, वायर ठीक, आणि पडद्यावर ऑफलाइन. अशा ‘बिघाडासाठी’ मी किती वेळा गाडीला किक मारली याचा हिशोब नाही.

नंतर ड्रायव्हर दाखवा, नाव द्या. नावात प्रिंटरची जागा असू द्या, ‘कोपऱ्यातला’ किंवा ‘दाराजवळचा’, म्हणजे दुसरा प्रिंटर आला की घोळ नको. ‘शेअर करायचा का’ विचारेल, नाही म्हणा. चाचणीचं पान काढा. त्या कार्यालयात चाचणीला जुन्या लेटरहेडची पाठ वापरली. त्यावर अजून ‘जि. परभणी’ छापलेलं होतं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन किती वर्षं झाली, पण गठ्ठा संपला नव्हता. रद्दीला असा उपयोग मिळाला की बरं वाटतं. फक्त टाचणी नि स्टेपलची पिन काढून घ्या, लेझरच्या पोटात ती गेली तर दुरुस्तीला नांदेड गाठावं लागतं.

चाचणीचं पान विंडोजचं इंग्रजी पान असतं. ते आलं म्हणून संपलं नाही. रोजचा मराठी कागद काढून पाहा. मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर दोष राऊटरचा नव्हे. राऊटर हा हमाल आहे, पोत्यात काय आहे ते तो बघत नाही. खिचडी होते ती संगणकावर फॉन्ट नसल्याने: एका टेबलावर कृतिदेवमध्ये टंकलेलं पत्र दुसऱ्या टेबलावरून काढलं आणि तिथे कृतिदेवच नाही. आजवर प्रिंट एकाच संगणकावरून निघायची म्हणून हा घोळ लपला होता; आता चारही ठिकाणांहून निघेल तेव्हा चारही ठिकाणी फॉन्ट टाका, किंवा एकदाचं युनिकोडवर या. डॉट मॅट्रिक्सवर नुसत्या मजकुराच्या पद्धतीने छापणाऱ्या जुन्या प्रोग्रामांतून देवनागरी येत नाही, तीही जुनीच गोष्ट. एके काळी त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवावं लागायचं. आज विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्रासारखं छापलं की काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

लाईटीचं बघू. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा; अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढ्याचा किंवा जास्तीचा. लेझर प्रिंटर मात्र संगणकाच्या यूपीएसवर कधीच नको. त्याच्या आत टोनर वितळवून कागदावर चिकटवणारा रूळ असतो, तो तापताना काहीशे वॅट खेचतो. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. प्रिंट दिली की यूपीएस किंचाळून सगळं बंद. प्रिंटर सरळ भिंतीच्या प्लगला. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो ऑफ’ असेल तर ते बंद ठेवा, कारण राऊटर त्याला झोपेतून उठवू शकेल, पण पूर्ण बंद पडलेल्याला नाही. यूएसबी वायर पाच मीटरच्या आत ठेवा, दोन-तीन मीटर असेल तर उत्तम. अंतर वाढवायचं तर लॅनची केबल वाढवा, ती शंभर मीटरपर्यंत चालते. राऊटर प्रिंटरजवळ न्या, प्रिंटर राऊटरजवळ नको.

सवयी थोड्या बदलतील. राऊटर सहसा रांग साठवून ठेवत नाही. एकाची तीस पानं चालू असताना दुसऱ्याची प्रिंट त्याच्याच संगणकात थांबून राहते आणि मोकळं झाल्यावर जाते. म्हणून प्रिंट देऊन लगेच संगणक बंद करून चहाला निघालात तर परत आल्यावर कागद नसेल. मध्येच प्रिंट रद्द केली की कधी कधी प्रिंटर अर्धवट मजकूर धरून बसतो आणि पुढच्याच्या पानावर चिन्हांचा कचरा ओततो. अशा वेळी प्रिंटरचं बटण बंद करून दहा सेकंद थांबा. शाई किंवा टोनर किती उरलाय ते संगणकावर दिसणार नाही. पान फिकट आलं की कळेल, पूर्वीही असंच कळायचं.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट सांगतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर जगभरातल्या सुमारे ५०,००० प्रिंटरांमधून एकाएकी कागद बाहेर पडले. त्यावर प्यूडीपाय नावाच्या यूट्यूबवाल्याचं चॅनल सबस्क्राइब करा असं लिहिलेलं. एका खोडकराने इंटरनेटवर उघडी पडलेली ९१०० क्रमांकाची दारं शोधली आणि मजकूर ढकलून दिला. त्या दाराला पासवर्ड नसतोच. म्हणून राऊटरमध्ये ९१०० किंवा ५१५ साठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करायचं नाही, कुणी घरून प्रिंट काढायची हौस सांगितली तरी नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कार्यालयाचं वायफाय देत असाल तर ‘गेस्ट’ म्हणून वेगळं द्या, जिथून प्रिंटर दिसत नाही. पायरीवर बसलेल्या पोराने गमतीने शंभर पानं सोडली तर तक्रार कुणाकडे करणार?

या सगळ्यात मोबाइलवरून प्रिंट येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न येतो. फोनला प्रिंटरची आयपीपी नावाची वेगळी बोली लागते आणि साधा राऊटर ती बोलत नाही. गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा होती, ती २०२० च्या अखेरीस बंद झाली. मोबाइल, ऑल-इन-वनचं स्कॅनिंग आणि साठवलेली रांग हे सगळं हवं असेल तर एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय घेऊन त्यावर लिनक्सचं ‘कप्स’ हे छपाईचं सॉफ्टवेअर चालवता येतं. किंवा सरळ हिशोब करा: प्रिंटर जुना झालाच असेल आणि नवा राऊटरही घ्यायचाच असेल, तर दोन्हींच्या पैशात थोडी भर घालून लॅनचं छिद्र असलेला प्रिंटर घ्या. मी स्वतः अशा वेळी तोच घ्यायला सांगतो. राऊटरची ही युक्ती खरी त्यांच्यासाठी, ज्यांचा प्रिंटर ठणठणीत आहे आणि नुसता चुकीच्या खुंट्याला बांधलाय.

त्या कार्यालयात शेवटी काय केलं? त्यांचा प्रिंटर पीसीएल जाणणारा निघाला, हे नशीब. राऊटर प्रिंटरशेजारी टांगला, लॅनची केबल छताच्या कडेने नेली, भाऊंचा सोडून बाकीच्या तिन्ही संगणकांवर पोर्ट घातला, एसएनएमपीची खूण तिन्ही ठिकाणी काढली. एका पुठ्ठ्यावर जाड पेनाने राऊटरचा पत्ता, ९१००, ड्रायव्हरचं नाव आणि ‘एसएनएमपी नाही’ एवढं लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवलं. भाऊ परत आले तेव्हा त्यांच्या टेबलावर प्रिंटरच्या आकाराची एक स्वच्छ जागा उरली होती. त्यांनी तिथे पाण्याची बाटली ठेवली आणि विचारलं, “मग आता कागद कोण भरणार?” त्याचं सेटिंग मला सापडलेलं नाही.